वाचक विचारतात : सुपरहिरोच्या घरातलं मरण

मागच्या अंकात ‘द फ्लॅश’ या मालिकेविषयी मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यात एक वाक्य होतं : सुपरहिरोंच्या मालिकांमध्ये मारामाऱ्यांपेक्षा मयती जास्त लक्षात राहतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जागेअभावी चारच घेतली आहेत. दोघींनी नाव छापू नका असं कळवलं होतं, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीनंतर त्याचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, गेले. शेवटचे आठ दिवस ते आयसीयूत होते. मुलांना आत सोडत नव्हते, तो काचेतून बघायचा. आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेला मुलगा, पण ते गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही. आणि परवा त्या ‘फ्लॅश’चे वडील मेले तर भरल्या ताटावरून उठला, सकाळी बघते तर उशी ओली. सख्ख्या आजोबांसाठी रडला नाही आणि मालिकेतल्या माणसासाठी रडतो, याचा मला राग आला, आणि भीतीही वाटली. मालिका बंद करू का?
– एक आई, सांगली

उत्तर : बंद करू नका. रागावूही नका. तो आजोबांसाठीच रडला.

घरात मयत झाली की काय होतं ते आठवून बघा. फोन, पाहुणे, भटजी, दहावा, तेरावा. एवढ्या गर्दीत तेरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला काय येतं? ‘चपला नीट लाव’, ‘पाण्याचा तांब्या दे’, ‘आईला त्रास देऊ नकोस’. आणि वर ‘शहाणं आहे हो पोर, अजिबात रडलं नाही’ ही शाबासकी. एकदा शाबासकी मिळाल्यावर तो रडणार कधी आणि कुणासमोर? ते सगळं त्याच्या आतच राहिलं होतं. परवा त्याला निमित्त मिळालं.

तुम्ही मालिका बघितलेली नाही, म्हणून थोडं सांगते. बॅरी ॲलन अकरा वर्षांचा असताना रात्री घरात त्याच्या आईचा खून होतो. आळ येतो वडिलांवर, हेन्रीवर. निरपराध माणूस तुरुंगात जातो. बॅरी मोठा होतो, त्याच्यावर वीज पडते आणि तो जगातला सर्वांत वेगवान माणूस होतो. तरी बापलेक भेटतात ते तुरुंगातल्या काचेच्या दोन बाजूंना बसून, फोन कानाला लावून. त्यांच्यामधली काच तुमच्या मुलाने ओळखली असणार. दुसऱ्या सीझनमध्ये हेन्री सुटतो, आणि त्याच सीझनच्या शेवटून दुसऱ्या भागात झूम नावाचा खलनायक त्याला त्याच जुन्या घरात ओढून नेतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत मारतो. एवढा वेगवान मुलगा समोर उभा, आणि त्याला काहीही करता येत नाही. (हेन्रीचं काम करणारे जॉन वेस्ली शिप हे १९९०च्या मालिकेत स्वतःच फ्लॅश होते. ज्यांनी ती जुनी मालिका पाहिली होती त्यांच्यासाठी तर त्या दिवशी दोन माणसं गेली.)

तुम्ही मुलाबरोबर बसून बघावा असा एक भाग सुचवते : पहिल्या सीझनचा शेवटचा, मे २०१५चा. बॅरीला काळात मागे जाऊन आईला वाचवायची संधी मिळते. तो त्या रात्री त्या घरात पोचतो. तिथे आधीच असलेला त्याचाच मोठा अवतार त्याला हाताने खुणावतो : नको, थांब. आणि बॅरी थांबतो. दाराआड उभा राहून पलीकडे आई मरताना ऐकतो. सगळं शांत झाल्यावर बाहेर येतो, तिच्याशेजारी बसतो, मास्क काढतो आणि सांगतो की मीच तुझा बॅरी, आम्ही दोघं ठीक आहोत. ती त्याच्याकडे बघत बघत जाते. त्याने तिला वाचवलं नाही, पण ती एकटी गेली नाही.

वडील गेल्यावर मात्र त्याचा तो संयम सुटतो. तो पळत जातो आणि आईला वाचवतो. थोडे दिवस आईवडिलांबरोबर सुखात राहतो, पण त्याच्या जुन्या आठवणी पुसल्या जायला लागतात, आणि शेवटी ज्याने आईला मारलं होतं त्याच माणसाला ‘तू तुझं काम कर’ असं त्याला सांगावं लागतं. एवढं करूनही परत आल्यावर जग पूर्वीसारखं जुळत नाही. त्याच्या जिवलग मित्राचा, सिस्कोचा भाऊ या नव्या जगात अपघातात गेलेला असतो. सिस्को विचारतो की तुझ्या आईसाठी मागे जातोस, मग माझ्या भावासाठी का नाही? बॅरीकडे त्याला देण्यासारखं उत्तर नसतं. मुलांना न सांगता कळणाऱ्या गोष्टी आहेत या.

मी गेली अठरा वर्षं सबटायटलं लिहिते. दोन ओळी, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, त्यात सगळं बसवायचं. या कामात मला सर्वांत छळणारं वाक्य कुठलं असेल तर मयतीला आलेला माणूस इंग्रजीत म्हणतो ते, ‘सॉरी फॉर युअर लॉस’. मराठीत तसं कुणी बोलतच नाही. आपण घरात शिरतो, सतरंजीवर टेकतो, बराच वेळ गप्प बसतो आणि मग हळूच विचारतो, ‘कसं झालं?’ आणि घरचा माणूस सांगायला लागतो. सकाळी चहा घेतला, नेहमीसारखा पेपर वाचला, मग म्हणाले जरा पडतो. दहा जणांना दहा वेळा तेच सांगतो, आणि सांगता सांगता त्याचा भार उतरतो. तुमच्या मुलाला ‘कसं झालं?’ हे कुणीच विचारलेलं नाही. मुलाला काय माहीत, असंच सगळ्यांनी धरलं. तो भाग संपला की टीव्ही बंद करा आणि विचारा, ‘तू काचेतून बघायचास तेव्हा आजोबा काय करत होते?’ मग घाई करू नका. लगेच उत्तर येणार नाही. दोन दिवसांनी, कदाचित शाळेचा डबा भरताना येईल. गॅस बंद करा आणि ऐका.

प्रश्न : या मालिकांत मेलेली माणसं परत येतात. ‘ॲरो’मधली सारा लान्स दोनदा मेली आणि दोन्ही वेळा परत आली. मग प्रेक्षकाने वाईट का वाटून घ्यायचं? मला तर ही फसवणूक वाटते.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुझी चीड मला समजते. पण मेलेला माणूस परत आणण्याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती नीट सांगितली तर फसवणूक होत नाही. कच आठवतो ना? असुर त्याला मारतात, देवयानी बापापाशी हट्ट धरते, शुक्राचार्य संजीवनी म्हणतात, कच परत येतो. पुन्हा मारतात, पुन्हा येतो. तिसऱ्या वेळी असुर त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच जिवंत व्हायचा तर गुरूचं पोट फाडून यायला हवा. म्हणून गुरूला पोटातल्या शिष्याला विद्या शिकवावी लागते. आणि एवढं सगळं जिच्यासाठी झालं त्या देवयानीला कच मिळतच नाही, कारण गुरूच्या पोटातून आल्यामुळे तो तिचा भाऊ ठरतो. तो परत आला, पण सगळ्यांची नाती बदलून आला. परतीची किंमत कुणी आणि कशी चुकवली, हे मी या मालिकांत बघते.

‘स्मॉलव्हिल’मध्ये ही किंमत अगदी रोखठोक सांगितली आहे. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला तरुण क्लार्क केंट, म्हणजे पुढे सुपरमॅन होणारा मुलगा, गोळी लागून मरतो. त्याला परत आणलं जातं ते बजावूनच : तुझ्या बदल्यात तुझ्या जवळच्या कुणाचा तरी जीव जाईल. पुढचे कितीतरी भाग प्रेक्षक एकेका चेहऱ्याकडे बघत बसतो, हा की ती? २६ जानेवारी २००६ला शंभरावा भाग लागला. आधी जाते लाना, त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती, मोटारीच्या अपघातात. क्लार्क तो दिवस मागे फिरवतो. लाना वाचते, आणि त्याच रात्री त्याचे वडील जोनाथन हृदयविकाराच्या झटक्याने जातात. त्या रात्री ते निवडणूक जिंकलेले असतात. ना खलनायकाचा बाण, ना स्फोट. शेतावर राबलेल्या माणसाचं थकलेलं हृदय बंद पडतं, बस. जॉन श्नायडरने केलेला तो बाप पुढच्या पाच सीझनमध्ये जिवंत होऊन घरी येत नाही.

पुढच्या भागात क्लार्कची आई मार्था शहरात जाते आणि भुरटे चोर तिच्याकडून जोनाथनचं घड्याळ हिसकावून नेतात. ज्याला डोंगर उचलता येईल असा मुलगा त्या एका घड्याळासाठी वेडापिसा होऊन गल्ल्या धुंडाळतो. मी तो भाग दोनदा थांबवला. आमचे अण्णा २००४ साली गेले. त्यांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं, पट्टा घामाने काळा पडलेला. अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आई उठली, कपाटाशी गेली आणि तिने घड्याळाला चावी दिली, अण्णा द्यायचे तशी, अंगठा आणि तर्जनीत धरून, कानाशी नेऊन. पुढे अकरा वर्षं ती रोज देत होती. आता मी देते. म्हणून ते घड्याळ चोरीला जातं तेव्हा मला लेखकावर पूर्ण विश्वास बसतो.

आता ‘ॲरो’, म्हणजे ऑलिव्हर या धनुर्धारी सुपरहिरोची मालिका. सारा लान्सला तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात, ऑक्टोबर २०१४मध्ये, बाण मारून छपरावरून पाडलं. चौथ्या सीझनमध्ये तिची बहीण लॉरेल तिचं प्रेत नांदा पर्बत नावाच्या ठिकाणच्या लॅझरस कुंडात बुडवते. सारा उठते, पण जीव नुसता शरीरात, आत्मा नाही. जनावरासारखी अंगावर येते. नंतर तिला तिचा आत्मा परत मिळवून द्यावा लागतो. इथपर्यंत किंमत ठीक वसूल झाली. पण खरी किंमत सहा महिन्यांनी भरली, आणि ती भरली तिच्या बापाने. एप्रिल २०१६मध्ये लॉरेल मरते. पुढच्या भागात क्वेंटिन लान्स, पोलिसातला टक्कल पडलेला, दारू सोडलेला बाप, रडत नाही. त्याला खात्री असते की एक मुलगी परत आली तशी दुसरीही येईल. तो कुंडाची चौकशी करायला जातो. कुंड नष्ट झालेलं असतं. तरी तो मानत नाही. पॉल ब्लॅकथॉर्नने तो बाप असा केला आहे की बघवत नाही. लोकांना मुलगी जाण्याचं दुःख होतं. या माणसाला ते दुःखसुद्धा धड करता येत नाही, कारण त्याच्या जगात मरण पक्कं नसतं. तू जो प्रश्न मला विचारलास तो त्या मालिकेने क्वेंटिनच्या तोंडून स्वतःलाच विचारला आहे. तेवढा एक भाग बघ, मग पुन्हा लिही.

फसवणूक होते तीही सांगते, कारण त्या बाबतीत तुझं म्हणणं खरं आहे. त्याच चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात ‘सहा महिन्यांनंतर’ म्हणून एक कबर दाखवली होती. ऑलिव्हर तिच्यासमोर उभा. कबरीत कोण, याचा अंदाज लोक वर्षभर बांधत बसले. नंतर निर्मात्यांनीच सांगितलं की ते दृश्य लिहिलं तेव्हा कबरीत कोण हे त्यांचंही ठरलेलं नव्हतं. आधी खड्डा खणला, मग माणूस शोधला. यात काही भयंकर गुन्हा नाही, पण बघणाऱ्याला ते जाणवतं. लॉरेलचं मरण पोकळ वाटलं आणि तिच्या बापाचं दुःख खरं वाटलं, त्याचं कारण मला हेच दिसतं.

कॉमिक्समध्ये याहून पुढची पायरी गाठून झाली आहे. १९८८ साली बॅटमनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांनी फोन करून ठरवायचं होतं. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर फोनांनी एक पोरगा मेला. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला झोप लागली नव्हती. जेसनला पुढे २००५मध्ये परत आणलं. तो आला तो रागाने पेटलेला, बॅटमनला जाब विचारत. तो आपल्यालाच जाब विचारतोय असं मला वाटत राहतं.

प्रश्न : नायकाला राग यावा म्हणून दर वेळी एखादी बाईच का मारतात? आई, बायको, मैत्रीण, ठरलेलं असतं. तुम्हाला हे खटकत नाही का?
– आयटीत काम करणारी वाचक, बंगळूरु

उत्तर : खटकतं, आणि फार खटकतं. तुमच्याआधी गेल सिमोन या लेखिकेलाही खटकलं होतं. १९९४च्या एका ग्रीन लँटर्न कॉमिकमध्ये नायक घरी येतो तर त्याच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. नायकाने पेटून उठावं एवढंच त्या मुलीचं काम. सिमोनने १९९९मध्ये अशा मारल्या गेलेल्या, छळल्या गेलेल्या बायकांची यादीच केली. ‘फ्रिजमधल्या बायका’ हे त्या यादीचं नाव पुढे या सगळ्या प्रकाराला पडलं.

‘ॲरो’ त्यात कमी नाही. दुसऱ्या सीझनमध्ये, ऑलिव्हर अडकून पडलेल्या बेटावर एक वेडसर डॉक्टर त्याच्यासमोर दोघींना गुडघ्यांवर बसवतो, शाडो आणि सारा, आणि म्हणतो एक निवड. शाडोच्या डोक्यात गोळी जाते. शाडो कोण होती, तिला काय हवं होतं, हे बाजूला राहतं आणि पुढचा सगळा सीझन तिच्यासाठी दोन पुरुष, ऑलिव्हर आणि त्याचा बेटावरचा जुना मित्र स्लेड, एकमेकांशी वैर करतात. तुमची तक्रार इथे शंभर टक्के लागू आहे.

पण त्याच सीझनच्या विसाव्या भागात तोच प्रसंग परत येतो. रात्रीची वेळ, रान, आणि या वेळी गुडघ्यांवर ऑलिव्हरची आई मोइरा आणि बहीण थिया. आता स्लेड म्हणतो, निवड. आणि मोइरा उठून उभी राहते. कुणाच्या निवडीची वाट बघत नाही. मुलीला डोळे मिटायला सांगते आणि स्लेडच्या समोर जाते. सुझॅना थॉम्पसनने ते उठणं फार सावकाश केलंय. लांब कोट आवरून खुर्चीतून उठावं तितक्या साधेपणाने. ही बाई दोन सीझन खोटं बोललेली आहे, तिने शेकडो लोक मेले त्या कटात भाग घेतलेला आहे, मुलाचा तिच्यावर पूर्ण विश्वास नाही. आणि शेवटी निर्णय तिचा. शाडोला मारलं गेलं. मोइरा मेली. मराठीत ही दोन क्रियापदं निराळी आहेत म्हणून हा फरक मला एवढ्या थोडक्यात सांगता येतो.

हे मी त्या मालिकेची बाजू घ्यायला लिहीत नाही. दहा शाडोंमागे एखादी मोइरा, हा हिशेब मला मान्य नाही. तुम्ही तक्रार करत राहा. मीही करत राहीन.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा निवृत्त बातमीदार. नातीने ‘डेअरडेव्हिल’चा पहिला सीझन आग्रहाने दाखवला. त्यातला म्हातारा पत्रकार मारला तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. बाईसाहेब, त्याला मारायची काय गरज होती? शहाणा माणूस होता.
– रत्नागिरी

उत्तर : काका, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी : बेन युरिक न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातला जुना बातमीदार. बायको आजारी, तिची स्मृती हळूहळू जाते आहे, इस्पितळाचा खर्च झेपत नाही. विल्सन फिस्क या गुंडाची बातमी त्याच्या हाती लागते, संपादक छापत नाही, वाद होतो, नोकरी जाते. बेन घरी येतो, स्वतःच लिहून जगासमोर मांडायचं ठरवतो, आणि टेबलापाशी बसतो तर अंधारात फिस्क बसलेला. बेन त्याच्या आईला भेटून आला हे त्याला कळलेलं असतं. तो बेनला नुसत्या हातांनी मारतो. कॉमिक्समध्ये हा बेन १९७८पासून आहे, तिथे त्याला असं मारलेलं नाही. म्हणून जुन्या वाचकांनाही तुमच्याएवढाच धक्का बसला.

गरज होती का? कथेपुरतं सांगायचं तर बाराव्या भागापर्यंत फिस्क आपल्याला हळवा, लाजाळू, प्रेमात पडलेला असा दिसत असतो आणि आपण त्याला थोडंथोडं माफ करायला लागलेलो असतो. बेन गेल्यावर ती माफी संपते. पण तुम्ही कथेचं विचारत नाही आहात हे मला कळतं. तुम्ही आयुष्यभर असे बेन पाहिलेत. त्याला वाचवायला डेअरडेव्हिल आला नाही, कारण बातमीदाराच्या घरी रात्री कुणी येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नातीला दुसरा सीझन लावायला सांगा. बेनबरोबर त्या बातमीमागे फिरणारी कॅरेन पेज आठवते ना? तिनेच बेनला फिस्कच्या आईपर्यंत नेलं होतं, आणि ते तिला विसरता येत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये ती त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत येते आणि ज्या संपादकाने बेनला काढलं होतं तोच तिला एक बंद खोली उघडून देतो. बेनची खोली. कॅरेन आत जाते आणि कामाला लागते.

चष्मा पुसून ठेवा. आणि ती खोली कशी वाटली ते मला कळवा. तुमच्या कचेरीतली तुमची जागा नंतर कुणाला मिळाली, तेही लिहा.